चौसष्टावा हिस्सा

जहाज विगोला परतलं.
ऊशिया आणि ब्रेइशो उन्हानं रापलेले,
आणि माझ्यासाठी बेचाळीस बरण्या,
मासळीच्या क्रेटांशेजारी उतरवलेल्या.

मी कधीच गेले नाही.
मला बोट लागते, बंदरातल्या फेरीतसुद्धा.
सव्वीस वर्षं मी अटलांटिक ओलांडते आहे
उत्तरेकडून दक्षिणेकडे,
खिडकीजवळच्या एका स्टुलावर.

पद्धत कंटाळवाणी आहे.
ते उजाडायच्या आधी जाळं सोडतात,
दोनशे मीटर खोल,
सावकाश वर ओढतात,
सापडेल ते फॉर्मलीनमध्ये.
मग मी बरणी हलवते, अर्धी करते,
अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं,
सहा वेळा,
चौसष्टावा हिस्सा उरेपर्यंत.
तेवढाच मोजते आणि चौसष्टनं गुणते.
शितावरून भात.
फक्त इथल्या प्रत्येक शिताला पाय आहेत,
आणि ते रोज रात्री वर येत होतं,
उजाडताना खाली जात होतं.

आई पलीकडच्या धक्क्यावर
सार्डिनच्या कारखान्यात होती.
एका डब्यात आठ, मोठे असले तर सहा.
गप्पा मारत मोजायची, भांडत मोजायची,
चुकली नाही.
माझ्याशेजारी कुणी नुसतं शिंकलं
तरी तीनशे बारा पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस उत्तर: ओळखीचं पाणी, घरचंच.
पंचवीसला बरणीचा तळ दिसतो.
मूठभर जीव, पण प्रत्येक दुसरा निराळा;
एकाला डोळ्यांच्या जागी दोन भिंगं,
एक म्हणे जिवंतपणी असा निळा चमकतो
की ऊशिया बादलीवर वाकून शिव्या देते, आनंदानं.
मला तो निळा माहीत नाही.
माझ्याआधी फॉर्मलीन रंग खातं.
विषुववृत्तावर जरा गर्दी,
खालचं गार पाणी तिथे वर येतं.
पुढे पुन्हा ओस.
आणि पंचेचाळीस दक्षिणेनंतर
बरणी पेजेसारखी दाट:
जाती दोन-तीनच, पण अंगानं भरलेल्या,
पोटात तेलाची पिशवी,
लांबलचक हिवाळ्याची बेगमी.
वाळवून तोलते तेव्हा
विषुववृत्तावरचे शंभर मिळूनही
तिकडच्या एकाला पुरे पडत नाहीत.
म्हणून दोन रकाने, संख्या आणि वजन,
आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

या खेपेला बरणी एकोणतीस.
आतलं लेबल कोरं.
कुणीतरी पेननं लिहिलं होतं.
ब्रेइशो फोनवर म्हणाला, त्या आठवड्यात वादळ,
वहीसुद्धा भिजली, नवा मुलगा पाळीवर होता.
अठ्ठावीस आणि तीसच्या मधे
अकरा अंशांचं पाणी.

मी भिंगाखाली पाहिलं.
जिन्यावरच्या पावलांवरून माणूस कळतो ना, तसं.
छत्तीस दक्षिण. फार तर सदतीस.
पेन्सिल टेकवलीसुद्धा होती.

पण ती तेलवाली मंडळी
माझ्या जुन्या वह्यांत जिथे सुरू होतात
तिथे हल्ली सापडत नाहीत,
जरा आणखी खाली सरकल्यात.
एक अंश. कदाचित नाही.
तेवढंच तर बघायचंय.
आणि मी त्यांना
मला आठवतं तिथेच नेऊन बसवलं
तर त्या कुठे गेल्या, ते कोण सांगणार?

तरी पूर्ण मोजली. दोन हजार एकशे सात,
गुणिले चौसष्ट.
वाळवली, तोलली.
अक्षांशाच्या रकान्यात आडवी रेघ.

दुपारी तो नवा मुलगा आला, आन्शो,
दारातच उभा,
पिशवीत खडकावरचे पेर्सेबेस, माफीदाखल.
विचारलं, बरणी वाया गेली का?
म्हटलं, नाही. ये, बघ.
तो वाकला, बराच वेळ वर आला नाही.
त्याच्या वरच्या खिशात पेन होतं.
मी काढून घेतलं.